तोंडात आधीच काम झालंय; आता तारा बसतील का?

वाचकांचे प्रश्न : दात आणि हिरड्या

तारा म्हणजे शाळकरी मुलांचे काम, असे पूर्वी समजत. आता पस्तिशी-चाळिशीतली माणसेही वाकडे दात सरळ करून घ्यायला येतात, आणि तोवर त्यांच्या तोंडात बरेच काही होऊन गेलेले असते. कुठे सिमेंट, कुठे चांदी, एखाद-दोन रूट कॅनाल, कॅप, ब्रिज, कधी इम्प्लांटही. या अंकासाठी निवडलेली पत्रे अशाच वाचकांची आहेत. उत्तरे तोंड आणि एक्स-रे न पाहता दिलेली आहेत, तेवढे लक्षात ठेवावे.

माझे वय 34. वरच्या उजव्या पहिल्या दाढेचे आणि समोरच्या एका पटाशीच्या दाताचे रूट कॅनाल झाले आहे. दोन्हींवर कॅप आहेत. खालचे दात एकमेकांवर चढलेत, वरचे पुढे आलेत. एक डॉक्टर म्हणाले, रूट कॅनालचा दात मेलेला असतो, तो तारेने हलणार नाही. दुसरे म्हणाले, काही हरकत नाही. खरे कुणाचे? (सातारा)

दुसऱ्यांचे, पण दोन-तीन अटींसह. दात सरकतो तो आतल्या नसेमुळे नव्हे. मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, साधारण 0.2 मिलिमीटर जाडीचा. तारेने दात एका बाजूला रेटला की त्या बाजूचा थर दाबला जातो आणि तिथले हाड विरघळू लागते. मागच्या बाजूला थर ताणला जातो आणि तिथे नवे हाड भरते. दात असा हाडातून वाट काढत जातो, महिन्याला सुमारे एक मिलिमीटर. रूट कॅनालमध्ये मुळाच्या आतली नस काढतात. बाहेरचा हा थर जिवंतच राहतो. म्हणून रूट कॅनाल नीट झालेला दात शेजारच्या दातासारखाच सरकतो.

अट ‘नीट झालेला’ ही. तारा लावण्याआधी त्या दोन दातांचा जवळून घेतलेला छोटा एक्स-रे हवा. पूर्ण जबड्याचा ओपीजी यासाठी पुरत नाही, त्यात पुढच्या दातांची टोके धूसर येतात. एक्स-रेत तीन गोष्टी पाहायच्या. आतले भरण मुळाच्या टोकापर्यंत पोचले आहे का, टोकाशी काळसर डाग आहे का, आणि मूळ आधीच आखूड झाले आहे का. डाग असेल तर रूट कॅनाल पुन्हा करून घ्यावे लागते, आणि डाग लहान होत चालल्याचे एक्स-रेत दिसेपर्यंत थांबावे. त्याला साधारण सहा महिने लागतात. घाई केली तर जुना जंतुसंसर्ग अधल्यामधल्या टप्प्यावर उसळतो. मग तार काढा, दात उघडा, पुन्हा तार घाला, यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. पटाशीच्या दाताचे रूट कॅनाल लहानपणी पडल्यामुळे झाले असेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. मार लागलेल्या दाताचे मूळ तारांच्या काळात झिजण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. तारा लागल्यावर सहा ते नऊ महिन्यांनी त्याचा एक्स-रे पुन्हा काढतात. मूळ झिजताना दिसले तर जोर काढून तीनेक महिने विश्रांती देतात आणि मग हलक्या जोराने पुढे जातात.

आता कॅपचा भाग. दुसऱ्या डॉक्टरांच्या ‘काही हरकत नाही’मध्ये हा राहून गेलेला दिसतो. ब्रॅकेट, म्हणजे तार जिच्यात अडकवतात ती छोटी पट्टी, नैसर्गिक दातावर चिकटवताना 37 टक्के फॉस्फोरिक आम्ल पंधरा ते तीस सेकंद लावतात. त्याने दाताच्या वरच्या थराला बारीक खड्डे पडतात आणि चिकटवण्याचे द्रव्य त्यांत शिरून घट्ट बसते. कॅपवर हे आम्ल काहीच करत नाही. त्यामुळे कॅप कशाची आहे हे आधी कळायला हवे.

पोर्सिलेनची असेल, मग ती धातूवर चढवलेली का असेना, तर वरची चकाकी 50 मायक्रॉनच्या अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या फवाऱ्याने मारतात. मग हायड्रोफ्लोरिक आम्लाची जेल दोन ते चार मिनिटे, नंतर सायलेन (पोर्सिलेन आणि चिकटवण्याचे द्रव्य यांना जोडणारे रसायन), नंतर नेहमीचे द्रव्य. हे आम्ल हिरडीला लागले तर भाजते. त्यामुळे रबराचा पडदा किंवा हिरडीवर कडक होणारी संरक्षक पट्टी लावल्याशिवाय ते तोंडात वापरू देऊ नका. झिर्कोनियाची कॅप असेल तर हायड्रोफ्लोरिक आम्लाचा उपयोग नाही. तिथे फवारा आणि एमडीपी हे झिर्कोनियाला धरणारे रसायन असलेला प्रायमर (चिकटवण्याआधीचा लेप) चालतो. पूर्ण धातूच्या कॅपला फवारा आणि धातूचा प्रायमर लागतो. तुमच्या दाढेच्या कॅपसाठी सोपा मार्ग म्हणजे ब्रॅकेट न चिकटवता भोवती धातूची रिंग सिमेंटने बसवणे. कॅप पांढरी दिसते एवढ्यावरून ती कशाची हे ठरत नाही. जिथे कॅप बसवली त्या दवाखान्यात वॉरंटी कार्ड किंवा लॅबची नोंद असते, ती मागून घ्या.

ब्रॅकेट काढताना पोर्सिलेनचा टवका उडू शकतो. चांगले डॉक्टर हे आधीच लेखी सांगतात. टवका नाही उडाला तरी मारलेली चकाकी पॉलिशने पूर्णपणे परत येत नाही. म्हणून आमचा सल्ला असा: पुढच्या दातावरची कॅप जुनी असेल, तिच्या कडेशी काळी रेघ दिसत असेल, किंवा तिचा आकार शेजारच्या दाताशी जुळत नसेल, तर ती तारांपूर्वी काढून तिथे टिकाऊ तात्पुरती कॅप बसवा. नवी पक्की कॅप तारा निघाल्यावरच करा. आकाराचे महत्त्व केवळ शोभेपुरते नाही. ब्रॅकेटची खाच दाताच्या नैसर्गिक फुगवट्याचा हिशेब धरून कापलेली असते. कॅप जाड किंवा चपटी असेल तर तार सरळ असूनही दात वाकडा येतो आणि डॉक्टरांना दर भेटीत तारेला बारीक वळसे द्यावे लागतात.

तात्पुरती कॅप दवाखान्यात खुर्चीवर बसवून केलेली असेल तर ती महिनाभरात ब्रॅकेटसकट हातात येते. दीड-दोन वर्षे टिकायची असेल तर लॅबमध्ये ठोकळ्यातून कोरलेली अॅक्रिलिकची कॅप मागा आणि ती पक्क्या सिमेंटने बसवायला सांगा. तात्पुरत्या सिमेंटला तारेचा ओढा झेपत नाही.

खालच्या डाव्या पहिल्या दाढेच्या जागी तीन वर्षांपूर्वी इम्प्लांट केले. आता समोरचे दात सरळ करायचे आहेत. वय 41. इम्प्लांट काढावे लागेल का? (नाशिक)

काढू नका. इम्प्लांटभोवती वर सांगितलेला तंतूंचा थर नसतो, टायटॅनियम थेट हाडाला चिकटलेले असते. हाडाचे आणि टायटॅनियमचे हे जुळणे स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी 1952 मध्ये सशांवर प्रयोग करताना पाहिले, आणि 1965 मध्ये पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. थर नाही म्हणून इम्प्लांट सरकत नाही, कितीही जोर लावा. तुमच्या बाबतीत हा दोष फायद्याचा ठरू शकतो. नेहमी पुढचे दात मागे ओढताना मागच्या दाढा थोड्या पुढे येतात आणि मिळालेली जागा वाया जाते. इम्प्लांटला तार बांधली की मागून काहीच पुढे येत नाही.

अडचण कुठे येते? शेजारच्या दाढेला किंवा उपदाढेला त्या दिशेने जायचे असेल तर इम्प्लांट वाटेत उभे असते. चावा बदलायचा असेल, म्हणजे वरच्या-खालच्या दाढांचे बसणे, तर इम्प्लांट त्याच उंचीवर आणि त्याच जागी राहते. बाकीची ओळ त्याच्याभोवती जुळवावी लागते. शेवटी इम्प्लांटवरची कॅप बदलून उंची-रुंदी मिळवता येते, कारण खालचा स्क्रू तोच राहतो. तुम्हाला फक्त समोरचे दात सरळ करायचे असतील तर बहुधा एवढेही लागणार नाही. डॉक्टरांना एक प्रश्न मात्र नेमका विचारा: ‘अंतिम आराखड्यात इम्प्लांटच्या शेजारच्या दोन दातांची जागा कुठे आहे?’ उत्तर स्क्रीनवर दाखवता आले पाहिजे.

इम्प्लांट अजून केलेले नाही आणि तारा लावायच्या आहेत, अशा वाचकांसाठी क्रम उलटा: आधी तारा, मग इम्प्लांट. स्क्रू आणि शेजारच्या मुळात प्रत्येक बाजूला किमान दीड मिलिमीटर हाड हवे. साडेतीन मिलिमीटरचा स्क्रू घालायचा तर साडेसहा मिलिमीटर मोकळी जागा लागते, आणि ती दातांच्या डोक्यांमध्ये असून भागत नाही, मुळांमध्येही हवी. दात वरून सरळ दिसतात पण मुळे आत एकमेकांकडे झुकलेली असतात, हे तारा काढण्याआधीच्या एक्स-रेत पाहिले नाही तर इम्प्लांट करणारे डॉक्टर हात वर करतात. मग पुन्हा तारा.

आधार लागलाच आणि इम्प्लांट नसेल तर मिनी स्क्रू वापरतात. दीड-दोन मिलिमीटर जाडीचा, सहा ते बारा मिलिमीटर लांबीचा. हिरडी बधिर करून पाच-दहा मिनिटांत बसतो आणि काम झाले की उलटा फिरवून काढतात. तो हाडाला पक्का चिकटत नाही. काही स्क्रू सैल होतात, मग जागा बदलून पुन्हा घालावे लागतात. त्याच्याभोवती मऊ ब्रश फिरवला नाही तर हिरडी सुजून स्क्रू झाकून टाकते.

माझे वय 52. वरच्या दोन दातांत पूर्वी फट नव्हती, गेल्या पाच-सहा वर्षांत ती वाढत गेली. दात पुढेही आले. ब्रश करताना रक्त येते. साखर आहे, गोळ्या चालू आहेत. वर्षानुवर्षे मिश्री लावायची सवय, आता कमी केली आहे. भावजय म्हणते, तारा लावून घे. (कोल्हापूर जिल्हा)

ताई, आत्ता तारा लावू नका. पन्नाशीच्या आसपास नव्याने पडलेली, वाढत जाणारी फट हे बहुतेक वेळा पायरियाचे, म्हणजे हिरड्या आणि हाडाच्या आजाराचे, लक्षण असते. हाड खाली गेले की दाताची पकड सुटते आणि जिभेच्या, ओठांच्या, चावण्याच्या जोरासमोर तो पुढे फेकला जातो. अशा दाताला सुजलेल्या हिरडीत तारेने हलवले तर हाड आणखी वेगाने जाते. फट मिटेल आणि दात हलायला लागेल.

पण तुमच्यासाठी तारा कायमच्या बंद आहेत असेही नाही. आधी हिरड्यांच्या तज्ज्ञांकडे जा. ते बारीक खुणा असलेल्या सळईने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतील. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. पाच-सहाच्या पुढे असेल तर हिरडीखाली, मुळापर्यंत सफाई करावी लागते. ती बधिर करून, दोन ते चार भेटींत होते. नंतर तीन महिने थांबून पुन्हा मोजतात. खोली चारच्या आत आली, मोजताना रक्त येईनासे झाले, आणि ही स्थिती तीन ते सहा महिने टिकली, की तारांचा विचार. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) सातच्या आसपास किंवा खाली हवे. साखर वर असताना हिरडी भरून येत नाही, आणि हिरडी सुजलेली असताना साखर उतरायलाही अडते.

मिश्री ‘कमी’ करून चालणार नाही, बंदच करावी लागेल. तंबाखू तर आहेच, शिवाय बोटाने रोज घासल्याने हिरडी खाली सरकते आणि मुळाचा मऊ भाग झिजतो. तिथे दात आंबतात आणि ब्रॅकेट धड चिकटत नाही.

पुढे तारा लागल्या तर त्या वेगळ्या पद्धतीने लावायला हव्यात. हाड कमी झालेल्या दाताचा तोल मुळाच्या टोकाकडे सरकलेला असतो, त्यामुळे नेहमीच्या जोराला तो सरळ न सरकता कलंडतो. निरोगी दात कलंडवायला 35 ते 60 ग्रॅमचा जोर पुरतो. तुमच्या दातांना त्याहूनही कमी, आणि पुढे आलेले दात वर बसवायचे तर एका दातामागे दहा-पंधरा ग्रॅमच. दाढांवर रिंगऐवजी चिकटवलेली नळी बसवावी, कारण रिंगची कड हिरडीत शिरते. ब्रॅकेटवर तार बांधताना रंगीत रबरांऐवजी बारीक स्टीलची तार वापरावी, रबरावर घाण जास्त साचते. दर तीन महिन्यांनी हिरड्यांची सफाई, ठरलेलीच. घरी रोज रात्री दातांमधल्या फटीत जाणारा छोटा ब्रश वापरा. दोऱ्यापेक्षा तो तुम्हाला सोपा जाईल.

आणि एक गोष्ट आधीच ठरवून बसा. काम संपल्यावर दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार जन्मभर ठेवावी लागेल. ती निघाली की फट परत येते. डॉक्टरांनी हे सांगितले नसेल तर तुम्ही विचारा.

हाडे ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगा. अॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक अॅसिड ही औषधे हाडाची झीज थांबवतात, म्हणजे दात सरकण्यासाठी लागणारी क्रियाच मंदावतात. शिवाय दात काढावा लागला तर जखम भरायला धोका असतो. औषध आपल्या मनाने बंद करू नका. त्याचा अंश हाडात वर्षानुवर्षे राहतो, चार दिवस बंद ठेवून काही साधत नाही.

मुलगा 15 वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी क्रिकेट खेळताना वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर पडला. दीड तासाने परत बसवला. आता तो शेजारच्या दातापेक्षा वर दिसतो. तारांनी खाली ओढता येईल? की काढून इम्प्लांट करावे? (ठाणे)

दीड तास बाहेर राहिलेल्या दाताच्या मुळावरचा तो तंतूंचा थर, दात दुधात ठेवलेला नव्हता तर, जवळपास नक्की मेलेला असतो. अशा दाताशी हाड थेट जुळते. मुलगा वाढतो, जबडा खाली वाढतो, शेजारचे दात त्याबरोबर उतरतात आणि हा एक मागे अडकून राहतो. म्हणून तो ‘वर गेला’ असे वाटते. दंतवैद्य आरशाच्या दांड्याने दातावर हलकेच ठोकतात. जुळलेला दात उंच, धातूसारखा आवाज देतो आणि बोटाने अजिबात हलत नाही. आवाज तसा असेल तर तार लावून तो खाली येणार नाही. उलट तारेचा जोर शेजारच्या चांगल्या दातांवर जाईल आणि तेच वर ओढले जातील. हे होताना घरच्यांना ‘तारांनी ओळ आणखी बिघडली’ असे दिसते.

इम्प्लांट आत्ता मुळीच नको. ते या दातापेक्षा काही वेगळे वागणार नाही. जबडा वाढत राहील आणि इम्प्लांटची कॅप दोन-तीन वर्षांत आखूड दिसू लागेल. मुलांमध्ये साधारण 20-21 पर्यंत थांबतात. नुसत्या वयावर न जाता वर्षाच्या अंतराने काढलेले डोक्याच्या बाजूचे दोन एक्स-रे एकमेकांवर ठेवून वाढ थांबल्याची खात्री करतात.

मधल्या काळात काय? फरक एक मिलिमीटरच्या आत असेल तर टोकाला कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचे सिमेंट) लावून लांबी जुळवायची आणि सहा-सहा महिन्यांनी पाहायचे. फरक वाढत असेल तर दाताचे डोके कापून मूळ हिरडीखाली ठेवून देतात. आतले भरण काढून टाकतात आणि वर हिरडी शिवतात. ते मूळ हळूहळू हाडात बदलते, आणि पुढे इम्प्लांटला लागणारी रुंदी टिकते. दात उपटून काढला तर समोरची हाडाची पातळ भिंत त्याच्याबरोबर निघून येते. मोकळ्या जागेत शेजारच्या दाताच्या मागे चिकटवलेला खोटा दात बसवतात, त्यासाठी दात तासावे लागत नाहीत. बाकीचे दात वाकडे असतील तर ते या काळात तारांनी करून घ्यायला हरकत नाही, फक्त त्या एका दाताला ब्रॅकेट नको.

आम्ही शारजात राहतो. पत्नीच्या तोंडात खालच्या बाजूला तीन दातांचा ब्रिज आहे. पुढचे दात सरळ करायचे आहेत. भारतात महिन्याच्या सुट्टीत तारा लावून इकडे परत आलो तर चालेल का?

तारा लावल्यावर दर चार ते सहा आठवड्यांनी दाखवावे लागते, आणि मोठ्यांना एकूण दीड-दोन वर्षे लागतात. एकदा लावून निघून जाणे म्हणजे कुणाच्याही नजरेशिवाय दात सरकू देणे. जिथे राहता तिथेच काम करा. कामावरून बदलीची शक्यता असेल तर सुरुवातीपासून कागद गोळा करा. पहिले स्कॅन किंवा साचे, ओपीजी आणि डोक्याच्या बाजूचा एक्स-रे, उपचाराचा लेखी आराखडा, ब्रॅकेटची खाच 0.018 इंचाची की 0.022 इंचाची, ती एमबीटी की रॉथ पद्धतीची (खाचेच्या कोनांच्या या दोन पद्धती), सध्याची तार कोणती, आणि किती पैसे भरून झाले. एवढे हातात असेल तर पुण्यातला किंवा दुबईतला दुसरा डॉक्टर काम पुढे नेऊ शकतो. नसेल तर बहुतेक जण जुने सगळे काढून नव्याने सुरू करतात.

ब्रिजबद्दल: तीन दात एकमेकांना जोडलेले आहेत, त्यातला एकटा सरकू शकत नाही. आधाराच्या दोन्ही दातांची जागा चांगली असेल तर ब्रिज तसाच ठेवून त्याचा एक ठोकळा म्हणून आधार घेता येतो. पुष्कळदा असेच करतात. आधाराचा एखादा दात कलंडलेला असेल तर ब्रिज मधून कापतात आणि आधाराच्या दातांना स्वतंत्र तात्पुरत्या कॅप देतात. मधला दात तारेवरच ब्रॅकेट लावून लटकवतात, म्हणजे जागा रिकामी दिसत नाही. नव्या ब्रिजचा खर्च तारांच्या अंदाजपत्रकात धरलेला आहे का, हे लेखी विचारा. दोन दवाखान्यांचे काम असले की हा खर्च दोघांच्याही हिशेबातून निसटतो.

दोन कॅप आहेत. अलाइनर घेतले तर ब्रॅकेटचा प्रश्नच नाही, बरोबर? (पुणे)

अर्धे बरोबर. अलाइनर म्हणजे दातांवर चढवायचे, काढता-घालता येणारे पारदर्शक साचे. त्यांनाही दातांवर कॉम्पोझिटचे छोटे उंचवटे चिकटवावे लागतात, त्यावरच त्यांची पकड असते. कॅपवर ते चिकटवण्याची कसरत वर लिहिली तीच. शिवाय अलाइनर तुमच्या आजच्या दातांच्या स्कॅनवरून बनतात. मध्येच कॅप बदलली, सिमेंट मोठे केले, की पुढचे सगळे संच बसेनासे होतात आणि पुन्हा स्कॅन करावे लागते. किडलेले, गळके सगळे स्कॅनच्या आधी उरकून घ्या. दिवसाला 22 तास घालणे जमणार नसेल तर तारा परवडल्या.

एक्स-रे न काढता, हिरड्या न मोजता, नुसत्या स्कॅनवर घरपोच अलाइनर देणाऱ्यांपासून तोंडात काम झालेल्या माणसाने तरी दूर राहावे. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही घरपोच अलाइनरची मोठी कंपनी डिसेंबर 2023 मध्ये बंद पडली आणि उपचार अर्ध्यावर असलेल्यांना विचारायला दारच उरले नाही.

उपदाढेचे रूट कॅनाल झाले होते, कॅप करायची राहिली. दात हिरडीखाली तुटला. काढायला सांगितले आहे. वाचेल का? (रत्नागिरी)

मूळ लांब असेल आणि उभे तडकलेले नसेल तर वाचू शकतो. कॅपला पकडायला हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड ते दोन मिलिमीटर शाबूत दात हवा, आणि त्याखाली हाडापर्यंत आणखी सुमारे दोन मिलिमीटर हिरडीसाठी. हे अंतर मिळवायला मुळात हूक बसवून शेजारच्या दातांच्या आधाराने ते तारेने बाहेर ओढतात, आठवड्याला सुमारे एक मिलिमीटर. म्हणजे तीन-चार मिलिमीटरला महिनाभर. हिरडी आणि हाड मागोमाग येऊ नये म्हणून मुळाभोवतीचे तंतू अधूनमधून कापतात. नंतर सहा-आठ आठवडे दात तिथेच बांधून ठेवायचा, मग कॅप. बाहेर काढल्यावर हाडात उरलेले मूळ किमान कॅपच्या उंचीएवढे हवे. त्याहून कमी असेल तर काढणेच बरे.

थोडक्यात काही

यवतमाळहून विचारले आहे की दातांवर फ्लोराइडचे पिवळट डाग असल्याने ब्रॅकेट सारखे निघतात. असे दात आम्लाला दाद देत नाहीत. वरचा थर हलका खरवडून, आम्ल जास्त वेळ ठेवून आणि पकड वाढवणारा प्रायमर लावून पाहायला सांगा. तरीही सुरुवातीचे काही महिने कडक भाकरी-चिक्की नको.

तारा असताना डोक्याचा एमआरआय सांगितला तर स्टीलची तार काढून जावे, चित्र बिघडते. ब्रॅकेट काढायचे की नाही हे रेडिओलॉजिस्ट ठरवतील.

तार घट्ट केल्यावर दुखले तर पॅरासिटामॉल घ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रोज घेतल्याने दात सरकणे मंदावते. हृदयासाठी चालू असलेली अॅस्पिरिन मात्र बंद करू नका.

तारा निघाल्यावर नवी कॅप कधी? त्याच दिवशी रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारा साचा, घ्या. सुजलेली हिरडी बसायला चार ते सहा आठवडे द्या. दात पांढरे करून घ्यायचे असतील तर ते याच काळात, आणि त्यानंतर दोन आठवडे थांबून कॅपचा रंग निवडा. कॅप नंतर पांढरी करता येत नाही. पक्की कॅप बसली की जुना रिटेनर बसणार नाही. नवा त्याच आठवड्यात करून घ्या, तोवर जुना त्या दातापुरता कापून वापरा. दोन-तीन आठवडे रिटेनरविना गेले तरी दात हलतात आणि नवी कॅप शेजारच्याला घासू लागते.

इतके वेगवेगळे काम असेल तर कुठे जावे, असे बऱ्याच जणांनी विचारले आहे. तारा बसवणारे बीडीएसनंतर त्याच विषयात तीन वर्षांचे एमडीएस केलेले असावेत. राज्य दंत परिषदेची नोंदणी पाहता येते. खर्चाची अडचण असेल तर मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालये, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय. तिथे हिरड्या, रूट कॅनाल, कॅप आणि तारा हे सगळे विभाग एकाच इमारतीत असतात. रांग लांब असते, भेटीला अर्धा दिवस जातो. पहिल्या भेटीला जुने एक्स-रे, कॅपचे कार्ड आणि चालू औषधांची यादी घेऊन जा.